भाडेकरूसह विकलेलं घर

गेल्या महिन्यात माझ्या नातीचा, सईचा, परदेशातून फोन आला. तिच्या शहरात घरांचे भाव उतरलेत. नवरा म्हणतो, आता घेऊन टाकू. ती म्हणते, अजून उतरतील, तोवर भाड्यानेच राहू. दोघांचं महिनाभर चाललंय. शेवटी म्हणाली, "आजी, तू तर जन्मभर घरांचीच कागदपत्रं केलीस. तू सांग काय करू." मी म्हटलं, लिहून कळवते, कारण जे सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतं. म्हणून हे तिच्यासाठी आणि तिच्या भावासाठी, अर्णवसाठी. हे ज्या अंकात छापून येतंय त्याच्या वाचकांनी शेजारी बसून ऐकलं तर मला आनंदच आहे.

नगरला कोर्टाच्या मागच्या गल्लीत भाऊसाहेब वकिलांचं ऑफिस होतं. बाहेरच्या खोलीत ते आणि पक्षकार, आतल्या खोलीत मी आणि टाइपरायटर, मध्ये छातीइतकी फळीची भिंत. मी मिशनच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. भाऊसाहेबांनी मला ठेवलं ते इंग्रजी नोटिसा लिहायला; पण नगरची घरं काही इंग्रजीत विकली जात नव्हती. दोन महिन्यांत मी मराठी मशीन शिकले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत बहुतेक खरेदीखतंच टाइप केली.

काम वाटतं तसं कोरडं नसतं. घर विकायचं म्हणजे आधी त्याचा शोध घ्यायचा. रजिस्ट्रेशन ऑफिसात बसून मागच्या तीस वर्षांत ते कुणी विकलं, गहाण टाकलं, वाटणीत कुणाला गेलं ते पाहायचं. मग चतुःसीमा लिहायची: पूर्वेला कुणाची भिंत, पश्चिमेला कुठला रस्ता. आणि या सगळ्याच्या आधी इसार. घेणारा विकणाऱ्याच्या हातावर थोडी रक्कम ठेवतो, सौदा पक्का म्हणून. कायद्याने इसार मोडता येतो. आमच्याकडे तो मोडणारा माणूस बाजारात पुन्हा ताठ मानेनं उभा राहत नसे.

भाऊसाहेबांचा एकच नियम होता. पहिल्या दिवशीच त्यांनी सांगितलं, "बाई, मशीनला बोटं लागतात, कान लागत नाहीत. इथे ऐकलेलं इथेच झाडून निघायचं." मी तो पाळला. गल्लीतल्या निम्म्या घरांचे वाद मला ठाऊक असायचे आणि हळदीकुंकवाला मी हवापाण्यावर बोलायची.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा आमच्या ऑफिसचं चित्रच पालटलं. त्याआधी चांगल्या वर्षांत खेड्यापाड्यांतल्या बागायतदारांनी नगरला घरं बांधली होती. मुलं शिकायला राहतील, उरलेल्या खोल्या भाड्याने जातील असा हिशेब. पाऊस गेला तशी ती घरं एकदम विकायला निघाली. विकणारे बाकावर रांगेने बसलेले आणि घेणारा आठवड्यातून एखादा. त्या घेणाऱ्याचा रुबाब विचारू नका. घर पाहायला गेला की आधी माजघर नाही, देवघर नाही, थेट परसातल्या आडात डोकावायचा. पाणी आहे का?

एकाने तर पहाटे बायकापोरांकरवी घागरी वाहून आडात पाणी ओतून ठेवलं. गिऱ्हाइकाने पोहरा सोडला, पाणी वर आलं, चूळ भरली आणि म्हणाला, "पाणी गोड आहे हो. आमच्या गल्लीतल्या सरकारी नळासारखंच लागतं." तो सौदा मोडला हे सांगायला नकोच.

आणखी एक आजीबाई होत्या. घर विकायला तयार, पण दारातला कडुनिंब विकायला तयार नाहीत. "पाडव्याला मोहर माझा मी येऊन नेणार. तसं लिहा." घेणारा वैतागला. भाऊसाहेबांनी शांतपणे कलम सांगितलं आणि मी टाइप केलं: सदर झाडाचा मोहर दरसाल लिहून देणार यांनी नेण्यास लिहून घेणार यांची हरकत राहणार नाही. त्या हयात होत्या तोवर नेत होत्या असं ऐकलं.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. त्या काळी भाडेकरूला कायद्याचं मोठं संरक्षण होतं. मालकाला भाडं सहजी वाढवता येत नसे आणि भाडेकरूला काढायचं तर वर्षानुवर्षं कोर्टात चकरा. त्यामुळे एकाच गल्लीत दोन सारखी घरं असली तरी मोकळं घर चांगल्या भावाला जायचं आणि भाडेकरू असलेलं पडेल त्या किमतीला. घेणाऱ्याच्या दृष्टीने ते घर नव्हतंच, नुसतं महिन्याचं भाडं होतं.

आम्हीही असेच भाडेकरू होतो.

तुमचे आजोबा नागापूरच्या नव्या कारखान्यांपैकी एकात ड्राफ्ट्समन होते. सासूबाई, आम्ही दोघं, तुमची आई आणि मामा असे पाच जण सावेडीच्या रस्त्याला तीन खोल्यांत राहत होतो. घर रंगनाथतात्यांचं. तात्या श्रीगोंद्याकडचे, मोसंबीची बाग असलेले. मुलं शिकून मार्गी लागल्यावर त्यांनी ते घर आम्हाला दिलेलं. भाडं न्यायला महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एस.टी.ने येत, चपला पायरीखाली काढत आणि स्वतःच्याच घरात दाराजवळच्या खुर्चीवर पाहुण्यासारखे बसत. हंगामात पिशवीभर मोसंब्या आणत. त्या वर्षी पिशवी नव्हती.

"यंदा बागेचं काय, तात्या?" सासूबाईंनी विचारलं.

"इहीर तळाला गेली, आई. टँकर आनून घालावं लागंल. ज्वारीचं काय, गेली तर पुढल्या साली पुन्हा पेरता येती. मोसंबीचं झाड वाळलं की लेकरागत पुन्हा पहिल्यापासनं वाढवायचं."

तात्यांनी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की नगरचं घर विकायचं आणि त्या पैशावर उन्हाळाभर पाणी घालून बाग जगवायची. आम्हाला ते माहीत नव्हतं. तुम्हाला आधीच सांगते आहे, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही आमच्यापेक्षा शहाणे असाल.

त्याच दसऱ्याला आमच्या घरीही विषय निघाला. भाव पडलेत, आपल्यासारख्यांना घर घ्यायची वेळ ही एकच. मी म्हटलं, "मग हेच घर तात्यांकडून विकत मागू या. मुलं इथेच वाढली. मला यातली प्रत्येक खुंटी माहीत आहे."

सासूबाईंनी वाती वळता वळता हात थांबवला. "ज्याच्या छपराखाली राहिलो त्याच्या पडत्या काळात त्याच्या घराला मोल लावायचं नाही. तात्यांना वाटेल, गिधाडं भाड्याने ठेवली होती."

तुमच्या आजोबांनाही ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला सांगू. आमच्या घराण्यात ही रीत होती: शेजाऱ्याची, मालकाची, नातेवाइकाची वस्तू त्याच्या अडचणीत मागायची नाही. तेव्हा असं ठरलं की तात्यांच्या घराचं नावही काढायचं नाही आणि दुसरं शोधायचं.

दर रविवारी आम्ही घरं पाहायला जाऊ लागलो. आजोबा टेप घेऊन भिंती मोजत, घरी येऊन कागदावर नकाशा काढत. सावेडीला एक पाहिलं, माळीवाड्यात एक, स्टेशनकडे एक. माळीवाड्यातलं मला फार आवडलं. मालक रास्त किंमत सांगत होता. मी म्हटलं, घेऊ या. आजोबा म्हणाले, "दसऱ्याला तो जे मागत होता ते दिवाळीला मागत नाही. संक्रांतीला आणखी उतरेल. आपल्याला इथून कोण हलवतंय? घाई काय?"

हिशेब चुकीचा नव्हता. संक्रांतीला खरंच उतरलं. मग ते म्हणाले, होळीपर्यंत पाहू.

आम्ही घरं बघतो आहोत हे तात्यांना कुणीतरी सांगितलं. मार्गशीर्षात ते आले, चहा घेतला, उठता उठता म्हणाले, "घर मिळालं का, बाई?"

किती आपुलकीने विचारतात, असं मला वाटलं. म्हटलं, "अजून नाही हो तात्या. आम्हालाही काही घाई नाही."

"बरं बरं," ते म्हणाले. "बघा निवांत."

पौषात तेच विचारलं, माघात तेच. प्रत्येक वेळी मी तेच उत्तर दिलं आणि ते 'बघा निवांत' म्हणून गेले. बागेचं विचारलं तर "चाललंय" म्हणत. माघात मात्र थोडं सविस्तर बोलले. वरच्या अंगाची झाडं पानं टाकायला लागलीत, आणलेला टँकर निम्म्या बागेलाही पुरला नाही. सासूबाईंनी त्यांना गूळ-पाणी दिलं. मी भाड्याची रक्कम हातात ठेवली. त्यांनी ती न मोजता खिशात घातली आणि पायरीवर चपला घालताना क्षणभर भिंतीला हात टेकला. मला वाटलं, दमलेत.

चैत्रात एका सकाळी भाऊसाहेबांनी मला बाहेरच्या खोलीत बोलावलं. "बाई, पॅड घेऊन या. मसुदा सांगतो."

बाहेर आले तर समोर तात्या. मला पाहून ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. "तुमी बसा, बाई," म्हणाले. ऑफिसात मला बसायला सांगणारा पक्षकार मी पहिल्यांदाच पाहिला. शेजारच्या बाकावर आडतदुकानाचे शेटजी बसले होते. तात्यांची मोसंबी दरवर्षी त्यांच्याच पेढीवर यायची.

"मिळकत कुठली?" भाऊसाहेबांनी विचारलं.

तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्या बाई ऱ्हात्यात, ती."

भाऊसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. त्यांना ऑफिसात सहसा काही नवीन ऐकायला मिळत नसे. "भाडेकरूसह?"

"भाडेकरूसह," शेटजी लगेच म्हणाले. "म्हणून तर भाव तसा धरलाय, इसारही दिलाय. मोकळं असतं तर गोष्ट वेगळी."

मी बोलायला नको होतं; पक्षकारांच्या मध्ये मी कधीच बोलत नसे. त्या दिवशी बोलले. "तात्या, आम्हाला विचारायचं तरी."

"काय इचारू?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुमी दसऱ्यापासनं घर बघताय. म्हनलं, आज ना उद्या मिळंल, हे मोकळं व्हईल, मंग इकू. चार पैसं जास्त येतील, बाग निघंल. दर म्हैन्याला इचारलं की तुमाला, मिळालं का म्हनून. आता तुमी जावा, असं कसं म्हनायचं? तुमची लेकरं त्याच फरशीवर रांगली."

"पण आम्हाला हेच घर हवं होतं."

तात्या माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मंग दुसरी कशापायी बघत हुता? मला वाटलं, तुमाला ह्ये पसंत न्हाई. आपलं घर नको असल्याल्या मानसाला घे म्हनून गळ कशी घालायची?"

"तुमच्या अडचणीत तुमच्या घराला किंमत कशी लावायची, म्हणून गप्प बसलो."

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "छान," ते म्हणाले. "दोघांनी एकमेकांची भीड राखली. आता ती खरेदीखतात कुठे लिहू, तेवढं सांगा."

शेटजी मोठ्याने हसले. मग आमच्याकडे पाहून थांबले.

मी भाऊसाहेबांना विचारलं, इसार परत करता येईल का. ते म्हणाले, कायद्याने येईल, शेटजींची भरपाई करून. आम्ही घेऊ, मी म्हटलं, मोकळ्या घराचा भाव देऊ, आम्हीच राहतो तर आम्हाला ते मोकळंच आहे. ही साधी गोष्ट माझ्या तोंडून सहा महिन्यांत बाहेर पडली नव्हती, ती तिथे, शेटजींच्या देखत पडली.

तात्यांनी मान हलवली. "बाजारात चार मानसांत इसार घेतलाय, बाई. आता मागं फिरलो तर उद्या माझं फळ कोन उचलंल? आन बागेला आज पानी पायजेल. उद्याचं कागूद हुईस्तवर ती थांबायची न्हाई."

"बाग किती राहिली?"

"इहिरीकडच्या दोन वळी हिरव्या हायत. त्या जगवू."

भाऊसाहेब मला हळूच म्हणाले, "बाई, हे मी दुसऱ्या कुणाकडून टाइप करून घेतो." मी नको म्हटलं. आत जाऊन कागद चढवला. चतुःसीमा लिहायला मला जुना दस्त बघावा लागला नाही. पूर्वेला रस्ता, दक्षिणेला कुलकर्ण्यांची भिंत, जिच्यावर मी रोज सांडगे वाळत घालत असे. मग ओळ आली: सदर मिळकतीत खालील भाडेकरू राहत असून त्यांच्यासह सदर मिळकत विकली आहे. खाली तुमच्या आजोबांचं नाव. माझं बोट कुठे चुकलं नाही. चुकलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. त्या दोन ओळी जगल्या. बाकीची बाग तात्यांनी तोडून सरपणाला दिली आणि पाऊस परत आल्यावर नवीन रोपं लावली. ती फळाला आली तेव्हा तात्यांचं वय झालं होतं आणि बाग मुलाच्या हातात होती. घरांचे भाव चढले, इतके की आम्हाला माळीवाड्यातलंही परवडेना. आणखी बरीच वर्षं आम्ही त्याच तीन खोल्यांत शेटजींचे भाडेकरू म्हणून राहिलो. शेटजी माणूस वाईट नव्हता. भाड्याला मुनीम यायचा, उभ्या उभ्या पावती द्यायचा.

सई, घेऊ की भाड्याने राहू, हा प्रश्न आमच्यापुढेही होता आणि घ्यायच्या दोन्ही वाटा बरोबर होत्या. माळीवाड्यातलं घेऊन आम्ही निघून गेलो असतो तर तात्यांचं घर मोकळं झालं असतं. तात्यांचं मागितलं असतं तरी त्यांना पूर्ण भाव मिळाला असता. या दोन्हींतलं काहीही केलं असतं तरी ती बाग पाणी प्यायली असती. आम्ही थांबलो, आणि आपण कुणाच्या वाईटात नाही असं समजत थांबलो. मला राहून राहून वाईट वाटतं ते याचं.

दस्त नोंदवायच्या दिवशी आजोबांनी अर्धी रजा टाकली होती. नोंदणी अधिकाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे तात्यांना विचारलं, राजीखुशीने विकता ना? तात्या "व्हय" म्हणाले आणि अंगठ्याची शाई धोतराला पुसायला लागले. आजोबांनी आपला रुमाल पुढे केला. बाहेर आल्यावर कुणीच काही ठरवलं नाही, पण तात्या, आजोबा आणि मी, तिघंही चालत घरी आलो.

तात्यांनी चपला पायरीखाली काढल्या. सासूबाई बाहेर आल्या, दाराशीच उभ्या राहिल्या. "तात्या, मनात राग नाही ना?"

"न्हाई हो आई. तुमी माझी लाज राखली, मी तुमची राखली. पावसानं मातुर कुनाचीच राखली न्हाई."

"आत या," सासूबाई म्हणाल्या. "खुर्चीवर नको. आत, पाटावर बसा."

मी चहा आणला. मग तात्यांनी आजोबांना विचारलं, "सायेब, एक इचारू? कुठं कुठं बघितली हो घरं?"

आजोबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटातून नकाशांची गुंडाळी काढली. सगळ्यात वर सावेडीचं घर होतं.

"ह्ये?" तात्यांनी बोट ठेवलं. "ह्येचं जोतं लई उथळ हाय. म्या येता-जाता बघतो. न्हाई घेतलं त्ये झ्याक केलं."

"आणि हे? माळीवाड्यातलं."

तात्या नकाशावर वाकले. "ह्ये घ्यायचं हुतं. सागवान हाय त्येला, आत्ताचं न्हवं. मालक माझ्या मेव्हन्याच्या वळखीचा. तुमी मला म्हनला असता तर आनखी कमी केलं असतं त्यानं."

"पण स्वयंपाकघर अंधारं आहे," आजोबा म्हणाले.

"मंग हिकडली भिंत पाडायची," तात्या म्हणाले. "हितं खिडकी घ्यायची. पेन्सील हाय का?"

आजोबांनी कानावरची पेन्सिल काढून दिली. तात्यांनी भिंत खोडली. आजोबा म्हणाले, ती भार घेणारी भिंत आहे, तशी पाडता येत नाही. तात्या म्हणाले, तुळई टाकली की येती. दोघं पाटावर गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. सहा महिने दोघांना जे बोलणं जमलं नव्हतं ते, एकही घर दोघांपैकी कुणाचं नसताना, सरळ चाललं होतं.

"तात्या, श्रीगोंद्याची गाडी गेली असेल," मी म्हटलं.

"दुसरी हाय की," ते मान वर न करता म्हणाले.

सासूबाईंनी मला डोळ्यांनी खूण केली. मी आत जाऊन आणखी एका माणसाचे तांदूळ धुवायला घेतले.